पुडी आणायला कोण जातं?

२६ जून आला की आमच्या कामोठ्यात फेऱ्या निघतात. गणवेशातली मुलं, हातात पुठ्ठ्याचे फलक, पुढे बाई, मागे सर, आणि मधे एका तालात चाललेल्या व्यसनमुक्तीच्या घोषणा. (अमली पदार्थविरोधी दिवस हा संयुक्त राष्ट्रांनी १९८७ मध्ये ठरवला. त्याच तारखेला शाहू महाराजांची जयंती येते हा आपला योगायोग, त्यामुळे शाळांना एकाच सकाळी दोन कार्यक्रम उरकावे लागतात.) फेरी चौकात वळते तेव्हा कोपऱ्यावरचा टपरीवाला आदबीनं दोन पावलं मागे सरकतो. फेरी गेली की पुन्हा पुढे येतो.

फेऱ्यांना माझा विरोध नाही. पोरांना तेवढाच तासभर वर्गाबाहेरचा वारा लागतो. पण गेले काही महिने या विषयावरचं जुनं काहीबाही वाचत होतो आणि एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. आपल्याकडे लहान मुलांपर्यंत नशा पोचली ती बहुतेक वेळा मोठ्यांच्या सोयीसाठी आणि मोठ्यांच्याच हातून. 'वाईट संगत' वगैरे नंतरचं. आणि जेव्हा केव्हा ती थोडीफार आटोक्यात आली, तेव्हा मोठ्यांना आपली काहीतरी व्यवस्था बदलावी लागली होती. मुलं घोषणा देतात, पण बदलायचं असतं भलत्यानंच! हे सांगायला फार लांब जायला नको. मुंबई, जुना कुलाबा जिल्हा (म्हणजे आपला रायगड, १९८१ पर्यंत नाव कुलाबाच होतं) आणि आजचं कामोठे एवढा टापू पुरेल. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात गिरणगावातून करू.

१९२०च्या आसपास मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. कोकणातून आलेल्या, घाटावरून आलेल्या. बाळंत झालेली बाई लवकरात लवकर कामावर हजर झाली नाही तर तिची जागा दुसरीला. मूल चाळीत कुणा म्हातारीच्या भरवशावर ठेवायचं किंवा सरळ बरोबर न्यायचं, खात्यात सुताच्या ढिगाशेजारी निजवायचं. ते रडलं की मुकादम ओरडणार. यावर बाजारात एक उपाय मिळत असे, तो म्हणजे बाळगोळी. अफू घातलेली इवलीशी गोळी. दिली की पोर दिवसभर गुंगीत. अफू काही चोरून विकली जात नव्हती. ती परवान्याच्या दुकानात मिळायची आणि तिच्यावर सरकारला चांगला महसूल मिळायचा.

मुंबई सरकारनं त्या काळात डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंना कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये आला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असं त्यात म्हटलं आहे. अठ्ठ्याण्णव! हा आकडा आज कुणी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर 'आया अशा कशा?' पासून सुरुवात होऊन रात्रीपर्यंत संस्कारांवर चर्चा झडेल. पण जरा त्या खात्यात उभं राहून पाहा. दहा तासांचा दिवस, समोर फिरणारी यंत्रं, छातीत दाटलेलं दूध आणि घरी किंवा शेजारी ठेवलेलं महिन्या-दोन महिन्यांचं पोर. त्या बाईला अफूचे दुष्परिणाम समजावून सांगणारं व्याख्यान कितीही रसाळ असलं तरी तिला दुसऱ्या दिवशी भोंग्याला हजर व्हायचंच होतं.

इथे आपल्या जिल्ह्यातला एक माणूस येतो, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, गोरेगाव, जिल्हा कुलाबा. (माणगाव तालुक्यातलं गोरेगाव. मुंबईतल्या मंडळींनी लोकलचा विचार करू नये.) १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि पुढे कामगार चळवळीत आयुष्य घातलं. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या काळात कामगार बाईला भत्ता मिळावा असं विधेयक आणलं. ते टिकलं नाही. मग मुंबई कौन्सिलात आसवले यांनी तसंच विधेयक आणलं. १९२८ च्या जुलैमध्ये त्यावर चर्चा झाली तेव्हा पाठिंब्याचं भाषण करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. १९२९ मध्ये कायदा झाला. त्याच सुमारास कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारं रॉयल कमिशन नेमलं गेलं, त्यात जोशी सदस्य होते. त्याच्या १९३१ च्या अहवालात कारखान्यांत पाळणाघरं असावीत ही शिफारस आली. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टनं पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पुढे १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला.

म्हणजे बघा, तान्ह्या मुलांच्या अफूवरचा उपाय शोधता शोधता आपण पोचलो बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर इथे. अफूच्या दुष्परिणामांवर पत्रकं निघालीच नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पण बाळगोळीची गरज कशामुळे होती हे ज्यांनी ओळखलं त्यांनी पाळणा मागितला. हे सगळं गोडगोड झालं असंही समजू नका. भत्ता आणि पाळणाघर द्यायला नको म्हणून बायकाच कमी ठेवायच्या, ही वाटही गिरण्यांना सापडली, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांतून बायका जवळपास दिसेनाशा झाल्या. गोळी गेली, पण कामही गेलं. माझी पणजी लालबागला वाइंडिंगमध्ये होती. आमच्या घरात बाळगोळीचा विषय कधी कुणी काढलेला मला आठवत नाही. (मावशी, तुला काही ठाऊक असेल तर फोन कर. खरंच.)

मशेरीचा विषय मात्र काढायची गरजच नव्हती, ती समोर असायची.

आजी काळी तंबाखूची पत्ती तव्यावर भाजायची. घरभर ठसका. शेजारच्या खोलीतून कुणीतरी खोकून निषेध नोंदवायचं. पत्ती जळून काळी ठिक्कर झाली की ती चुरून, चाळून बामच्या रिकाम्या डबीत भरायची. सकाळी डाव्या तळव्यावर चिमूट घ्यायची, उजव्या हाताचं बोट दातांवरून, हिरड्यांवरून फिरवत बसायचं. नाव दात घासण्याचं, वेळ अर्धा तास! दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा. तंबाखूचं पान आणायला आम्ही मुलं जायचो, कारण वाण्याकडे जाणं हे मुलांचंच काम. आणि आमच्यापैकी कुणाचा दात दुखला तर लवंग नसेल तेव्हा आजी बोटाला चिमूटभर मशेरी घेऊन हिरडीवर लावायची. डोकं गरगरायचं. त्याला 'लागली' म्हणायचे, आणि 'जरा पड, उतरेल' एवढाच त्यावर इलाज होता. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ते औषध होतं.

या मशेरीचा आणि पानातंबाखूचा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागानं. (अणूंच्या संस्थेत दात! मलाही गंमत वाटली होती.) १९६०च्या दशकात त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये ते निष्कर्ष छापले. पुढे १९९२ ते ९४ या काळात मुंबईत पस्तीस वर्षांवरच्या जवळपास एक लाख लोकांची पाहणी झाली, मुख्यतः कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत. त्यात ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. विडी-सिगारेट ओढणारी विरळा. बाकी सगळं तोंडात, आणि त्यात मशेरी आघाडीवर. इतक्या घरांत ती डबी होती, म्हणजे तितक्या घरांतल्या मुलांच्या हाताला ती लागत होती. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? आमच्या घरात ती आईमुळे थांबली. आईनं मशेरी कधी लावलीच नाही, आणि आजीनंतर तो तवा भाकरीचा झाला.

इथे कायद्याची एक जुनी खोड सांगायला हवी. मुलांना तंबाखूपासून दूर ठेवायचे कायदे आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वीच झाले होते. पंजाबात १९१८ मध्ये, बंगालमध्ये १९१९ मध्ये. पण ते 'ज्युव्हेनाइल स्मोकिंग' ॲक्ट होते. म्हणजे नजर धुरावर. इंग्रजी घरातला मुलगा चोरून सिगारेट ओढतो, तेच चित्र समोर. आपल्याकडे तंबाखू तर तोंडात बसलेली, आणि तीही आजीच्या बोटावरून आलेली. धूर दिसतो, वास येतो, मुलगा पकडला जातो. तोंडातली गोष्ट दिसत नाही. पुढे गुटख्यानं नेमका याच आडोशाचा फायदा घेतला.

पानसुपारी आपल्याकडे जुनी. पण पान ही ताजी गोष्ट होती. पानवाला ते लावून देणार, ते महाग, ते लाल, आणि शाळकरी मुलाच्या तोंडात दिसलं तर कुणीही कान धरायचं. १९७०च्या दशकात पानाचा मसाला डब्यात आला, आणि मग तो लहान पुडीत शिरला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात धोकादायक शोध ही पुडीच. सुपारी, तंबाखू, चुना, कात, सुवास, सगळं कोरडं आणि तयार. रुपया-आठ आण्यांत. खिशात दिसत नाही, तोंड लाल होत नाही. माळ लावून टपरीवर लटकवलेली, शाम्पूच्या पुड्यांशेजारी, लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती आणायला मुलाला पाठवता येतं! पान लावून आणायला पोराला पाठवणं जरा अवघड, पण पुडी काय, दोन पुड्या सांगायच्या आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी घे म्हणायचं. १९९०च्या दशकात ज्याचं बालपण गेलं त्या कुठल्याही मुलग्याला विचारा. काकांची, मामांची, रिक्षावाल्या शेजाऱ्याची पुडी आणलेली नाही असा एखादाच निघेल. दुकानदार ओळखू लागतो. कुठली पुडी हे न सांगता मिळू लागतं. मग एक दिवस ती कुणासाठी आहे हे दुकानदार विचारत नाही, कारण तो कधीच विचारत नव्हता.

दंतवैद्यांना फरक आधी दिसला. तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जाणारा आजार, ज्यात माणसाला तोंड उघडता येत नाही, तो पूर्वी उतारवयात दिसायचा. आता कॉलेजातली पोरं येऊ लागली. याची एक साधी तपासणी आहे. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायची. दोनच गेली तर डॉक्टर गाठायचा. (वाचता वाचता तुम्ही बोटं तोंडाशी नेलीत, हो ना?) आमच्या कामोठ्यात एमजीएमचं दंत महाविद्यालय आहे. तीन बोटांची तपासणी आम्हाला लांब जाऊन करून घ्यायला नको.

महाराष्ट्रानं पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून घातली, पाच वर्षांसाठी. २ ऑगस्ट २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अन्नभेसळ कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला असा लांबलचक बंदीहुकूम काढता येत नाही, असं कारण. माळा परत टपरीवर. मग वाट सापडली ती आडबाजूनं. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मार्च २०११ पासून गुटखा प्लास्टिकच्या पुडीत विकायचा नाही. ऑगस्ट २०११ मध्ये अन्नसुरक्षेचे नवे नियम आले आणि त्यात एक लहानसं कलम होतं: कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये. गुटखा तर आपण अन्नच म्हणून विकत होतो! मध्य प्रदेशनं हे कलम एप्रिल २०१२ मध्ये वापरलं आणि महाराष्ट्रानं त्याच वर्षीच्या जुलैत. इथे गुटख्याबरोबर पानमसालाही बंद झाला. तेव्हापासून ती बंदी दर वर्षी नव्यानं काढली जाते.

चोरून मिळतो, हे मान्य. गुटख्याचे पकडलेले ट्रक आपण पेपरात वाचतोच. पण माळ गेली. बोटानं दाखवून 'तो द्या' म्हणण्याची सोय गेली. जे मोठं माणूस ओळखीच्या टपरीवर दबक्या आवाजात मागून घेतं, ते नऊ वर्षांच्या मुलाला पाठवून आणवत नाही. माझ्या लेखी बंदीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. ज्याला खायचाच आहे त्याला ती थांबवू शकली नसेल, पण पोराच्या हातातली पिशवी तिनं बरीचशी काढून घेतली.

राजकारण्यांनाही हे जवळून कळत होतं. शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. आर. आर. आबा, ज्यांना पनवेलची माणसं २००५ च्या डान्सबारबंदीमुळे कायम लक्षात ठेवतील, ते स्वतः तंबाखू खायचे. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले, तोंडाच्याच कर्करोगानं. वय अवघं सत्तावन्न.

आता गर्दबद्दल. व्यसनमुक्ती म्हटलं की मराठी वाचकाला आधी आठवतं ते मुक्तांगण, आणि ते योग्यच आहे. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत शिरली. अनिल अवचट या पोरांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याबद्दल लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये दिले, आणि डॉ. सुनंदा अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. त्याआधी काही महिने, १४ नोव्हेंबर १९८५ ला, अमली पदार्थांचा कडक केंद्रीय कायदा लागू झाला होता. बालदिनाच्या दिवशी. सुनंदाबाई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे. यावर इतरांनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिलंय, म्हणून मी इथेच थांबतो. फक्त एवढंच, की मुक्तांगणाच्या दारात मुलगा पोचतो तो बऱ्याच उशिरा. मी जे शोधतोय ते त्याच्या पंधरा वर्षं आधीचं आहे. पुडी आणायला कोण गेलं होतं, ते.

कायद्याला हा प्रश्न पडायला २००३ साल उजाडलं. त्या वर्षीच्या तंबाखू कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं बंद केलं, आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्रीही. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. मग बालन्याय कायदा, २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. त्याच्या ७७व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद फक्त डॉक्टरच्या सल्ल्याचा. ७८वं कलम याच शिक्षेचं, पण ते दारू किंवा अमली पदार्थांची विक्री किंवा ने-आण मुलाकडून करवून घेणाऱ्यासाठी, तंबाखू त्यात नाही. ने-आण! आमच्या काकांना हे कलम कुणी वाचून दाखवलं असतं तर त्यांनी 'यात पुडी कुठे आहे' म्हणून उडवून लावलं असतं.

आकडे थोडेसेच देतो. राज्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांत तंबाखू वापरणारे २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. देशभरात पंधरा ते सतरा या वयात हेच प्रमाण त्या सात वर्षांत ९.६ वरून ४.४ टक्क्यांवर आलं. मुलांमधली घट मोठ्यांपेक्षा जोरात आहे, आणि पुडीवरच्या बंदीची वर्षं याच काळात येतात. बंदी हे एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही, किंमत वाढली, चित्रं आली, सिनेमागृहात तो खोकणारा माणूस आला. पण २०१९ च्या शाळकरी मुलांच्या पाहणीतली दुसरी एक ओळ जास्त टोचते. तोंडात तंबाखू धरणाऱ्या तेरा ते पंधरा वयाच्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी ती दहा वर्षांची व्हायच्या आत पहिल्यांदा घेतली होती. दहाच्या आत! त्या वयात मूल कुठल्या 'संगतीत' असतं? आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या, काकांच्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या.

२०१९ मध्येच केंद्र सरकारसाठी 'एम्स'नं केलेली पाहणी आली. हुंगून करायची नशा, म्हणजे व्हाइटनर, सोल्यूशन वगैरे, ही एकच अशी निघाली की जिच्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. १.१७ टक्के विरुद्ध ०.५८. कारण साधं आहे. ती दुकानात वहीशेजारी आणि सायकलच्या पंक्चरच्या सामानात मिळते आणि तिला कुणी नशा म्हणत नाही, जसं एकेकाळी मशेरीला म्हणत नव्हते.

तर आता कामोठे.

आमचं कामोठे हे मूळचं आगरी गाव, भातशेतीचं. सिडकोनं सेक्टर आखले, मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्टेशनं आली, २०१६ च्या १ ऑक्टोबरला पनवेल महापालिका झाली. इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं, वर घरं, दोन गल्ल्या सोडून शाळा. आखणी नीटनेटकी आहे, म्हणूनच ९१ मीटरचा हिशोब इथे जमवणं कठीण. एका शाळेच्या फाटकापासून जवळच्या टपरीपर्यंत मी मोजून गेलो, सत्तर पावलं भरली. (बायको म्हणाली, तुमची पावलं लांब पडतात. असो.)

पण टपरीपेक्षा मला जास्त विचार पडतो तो दुपारचा. सकाळच्या पाळीची मुलं साडेबारा-एकला घरी येतात. आईवडील दोघंही हार्बरवर. मानसरोवरहून सीएसएमटी म्हणजे तासाच्या वर, दाराशी यायला साडेसात-आठ. एक ते आठ, सात तास. किल्ली गळ्यात, जेवण मायक्रोवेव्हच्या शेजारी, आणि हातात फोन, कारण फोन असला की पोर गप्प राहतं. (गप्प! शंभर वर्षांपूर्वीही मागणी नेमकी हीच होती.) या सात तासांत नवीन माल येतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, मेफेड्रोन म्हणजे ते एमडी २०१५ पासून अमली पदार्थांच्या यादीत आहे, आणि दोन्हींची नावं आमच्या बिल्डिंगमधल्या आठवीच्या मुलाला माझ्याआधी ठाऊक होती. त्यानं काही घेतलंय असं मी म्हणत नाही. त्याला ते फोनवरून ठाऊक होतं, बाराच्या सुट्टीनंतर रिकाम्या घरात बसून.

आसपासच्या गावांतून अलीकडे एक वेगळी गोष्ट कानावर येते. हळदीला दारू नको, असं म्हणणारी आगरी मंडळी पुढे येऊ लागली आहेत, त्यात कीर्तनकार आहेत, तरुण आहेत. हळद म्हणजे ते ठिकाण, जिथे चौदा वर्षांचा पोऱ्या ग्लास भरून मामाला नेऊन देतो आणि परतताना तळाचा घोट कसा लागतो ते पाहतो. हळदीचं ताट बदललं तर पोऱ्याला काही समजवावं लागणार नाही. मला हे फेरीपेक्षा जास्त आशेचं वाटतं. सेक्टरातल्या आम्हा फ्लॅटवाल्यांना मात्र हळद नाही, गावकी नाही. आमच्याकडे असते सोसायटी.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी सध्या चार मुलं सांभाळतात, त्यातली दोन सख्खी नातवंडं, दोन शेजारची. पैसे घेत नाहीत. भाजी निवडता निवडता पाढे म्हणून घेतात. गुडघे दुखतात म्हणून आता पाचवं नको म्हणाल्या. तळमजल्यावरचा हॉल वर्षातले तीनशेवीस दिवस कुलपात असतो, आत गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि निळ्या खुर्च्या. मी आणि आणखी दोघांनी अर्ज दिला आहे. हॉल रोज दुपारी एक ते साडेसात उघडा ठेवावा, दोन टेबलं, एक कॅरम, आणि आळीपाळीनं कुणीतरी मोठं माणूस बसेल. घरून काम करणारे दोघं तयार आहेत, निवृत्त झालेले तिघं तयार आहेत. हरकती अशा: वीजबिल कोण भरणार, फरशी कोण पुसणार, भाडेकरूंच्या मुलांना घ्यायचं का, आणि मग बाकीच्या सोसायट्यांची पोरंही येतील त्याचं काय. शेवटच्या हरकतीवर आजी म्हणाल्या, येऊ देत की!

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. आमचा अर्ज विषय क्रमांक सात, पार्किंगच्या नंतर. पार्किंगवर गेल्या वेळी अडीच तास गेले होते आणि गणसंख्या संपली होती. यावेळी तीन घरांनी शेवटपर्यंत बसायचं कबूल केलंय.